घरचा ताळेबंद : कॉम्प्युटरची हमी कोणाच्या भरवशावर?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न घरोघर फिरू लागतो. मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कोणता? एके काळी हा प्रश्न साहेबांच्या बंगल्यातला होता. आज तो महापालिकेच्या सफाई खात्यात राबणाऱ्या भावाच्या आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईच्या खोलीतला झाला आहे. कॉलेजचा प्रवेशअर्ज त्यावरच भरायचा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. मुलीने अकाउंट्सचा कोर्स लावला, तर घरी सराव हवाच. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर ही सगळी कामे नीट होत नाहीत, हे आता आईबापांनाही पटले आहे.

म्हणून पैसे उभे राहतात. कोणी पतपेढीचे कर्ज काढतो, कोणी बोनसची वाट पाहतो, कोणाची भिशी लागते, कोणी हप्त्यावर घेतो. दुकानात गेल्यावर मुलगा विचारतो, रॅम किती आहे? बाप विचारतो, शेवटचा भाव काय? आई विचारते, बॅग फुकट आहे ना? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण चौथा प्रश्न कोणी विचारत नाही. हे यंत्र बिघडले तर कोण येणार, किती दिवसांत येणार आणि पैसे कोणाच्या खिशातून जाणार?

श्रीमंताच्या घरी एक कॉम्प्युटर बंद पडला तर दुसरा उघडतात. आपल्या घरी बंद पडला की अर्जाची मुदत टळते, परीक्षेचा सराव राहतो, आणि हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून भावापेक्षाही हमीकडे आपण अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. या आठवड्याचा ताळेबंद आम्ही त्याच विषयावर मांडत आहोत.

गॅरंटी की वॉरंटी?

आपण बोलताना "गॅरंटी-वॉरंटी" असे जोडशब्दासारखे बोलतो. दुकानदारही तसेच बोलतो आणि गैरसमज तसाच राहतो. बाजारातल्या बोलीत गॅरंटी म्हणजे "खराब निघाले तर बदलून देऊ" आणि वॉरंटी म्हणजे "खराब झाले तर दुरुस्त करून देऊ". कॉम्प्युटरला मिळते ती बहुधा दुसरी. कागदावर साधारणपणे असे लिहिलेले असते की भाग दुरुस्त करायचा की बदलायचा, हे कंपनी ठरवील.

बी.कॉम.ला व्यापारी कायद्याचा पेपर ज्यांनी दिला असेल, त्यांना मालविक्री कायदा, १९३० आठवेल. त्याच्या कलम १२ मध्ये "अट" आणि "हमी" असा फरक केला आहे. अट मोडली तर माल नाकारता येतो. हमी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल परत करता येत नाही. कायद्याच्या भाषेतसुद्धा हमी हा दुय्यम शब्द आहे, हे लक्षात ठेवावे.

याचा अर्थ आपण हातपाय गाळावेत असा नाही. ग्राहक संरक्षण कायदा या सगळ्याच्या जोडीला उभा आहे. पहिला कायदा १९८६ चा होता. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहक आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो, किंमत परत करायलाही सांगू शकतो. कंपनीच्या कागदावर काहीही छापलेले असो, हा दरवाजा बंद होत नाही. मात्र त्या दरवाजातून आत जायला हातात बिल लागते.

बिलाबद्दल दुकानात एक गोड वाक्य ऐकू येते, "बिलाशिवाय घ्या, कर वाचेल." कॉम्प्युटरवर जीएसटी १८ टक्के आहे. ४०,००० च्या मूळ किमतीवर तो ७,२०० रुपये होतो, म्हणून मोह पडतो. पण बिल नाही तर हमीची तारीख नाही, तारीख नाही तर हमी नाही. बिल न देणे ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. तेव्हा पक्के बिल मागणे म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखवणे नव्हे, तो आपला हक्क आहे. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहिला आहे का, हेही काउंटरवरच पाहावे.

हमीत काय नसते?

हमीचा कागद उलट बाजूने वाचावा. काय मिळेल हे मोठ्या अक्षरात असते, काय मिळणार नाही हे बारीक अक्षरात असते. आपले नशीब बारीक अक्षरात असते.

साधी हमी ही कारखान्यातल्या दोषासाठी असते. मदरबोर्ड आपोआप मेला, पडद्यावर रेघा आल्या, कीबोर्डची बटणे चालेनाशी झाली, तर कंपनीची जबाबदारी. पण यंत्र हातून पडले, त्यावर चहा सांडला, वीज कमीजास्त होऊन जळाले, आत मुंग्या शिरल्या किंवा उंदराने वायर कुरतडली, तर जबाबदारी आपली. आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत कारखान्यातला दोष आधी येतो की चहा आधी सांडतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पावसाचे तर विचारूच नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुर्ला, कालिना, घाटकोपरच्या सखल भागांत तळमजल्याच्या खोल्या पाण्याखाली गेल्या. अशा पाण्यात भिजलेल्या यंत्राला साधी हमी लागू होत नाही, कारण पूर हा कारखान्याचा दोष नव्हे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी सीपीयूचा डबा जमिनीवर ठेवू नये, भिंतीला फळी ठोकून वर ठेवावा. लॅपटॉप असेल तर पावसाच्या दिवसांत रात्री तो माळ्यावर जावा. हा उपाय फुकटचा आहे आणि कोणत्याही हमीपेक्षा भरवशाचा आहे.

विजेचेही तसेच. जुन्या चाळींत आणि वस्त्यांत अर्थिंग धड नसते. एका बोर्डावर टीव्ही, फ्रिज, मिक्सर आणि कॉम्प्युटर लटकलेले असतात. आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. टेबलावरचा कॉम्प्युटर असेल तर यूपीएस घ्यावा. यूपीएसच्या बॅटरीची हमी वेगळी असते, ती वेगळी विचारावी. लॅपटॉपच्या बॅटरीलाही बहुधा एकच वर्षाची हमी असते. तीन वर्षांची वाढीव हमी घेतली तरी बॅटरी तिच्यात आली असे समजू नये. बॅटरी वापराने झिजणारच, असे कंपनी म्हणते.

आणि एक गोष्ट कोणत्याही हमीत नसते. ती म्हणजे आतली माहिती. मुलीचा प्रकल्प, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका हे सगळे स्कॅन करून आपण आत ठेवतो. हार्ड डिस्क बिघडली तर कंपनी नवी डिस्क देईल, पण कोरी देईल. म्हणून महिन्यातून एकदा सगळे कागद पेनड्राइव्हवर उतरवून तो पेनड्राइव्ह रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावा.

माणूस घरी येणार की आपण जायचे?

हमीचे दोन प्रकार असतात. एकात कंपनीचा माणूस घरी येतो, तिला ऑनसाइट म्हणतात. दुसरीत आपण यंत्र उचलून सेवा केंद्रात न्यायचे, तिला कॅरी-इन म्हणतात. दुकानात दोन्हींना "एक वर्षाची वॉरंटी" एवढेच म्हणतात. फरक नंतर कळतो.

या फरकाची किंमत आपल्या लोकांनी खाड्यात मोजावी. समजा तुमचा दिवसाचा रोज ७०० रुपये आहे. यंत्र द्यायला एक खाडा, आणायला एक खाडा, म्हणजे १,४०० रुपये. वर रिक्षाचे दोनशे. ऐन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये कॉम्प्युटरचा डबा घेऊन चढता येत नाही, हे मुलुंड किंवा बोरिवलीच्या माणसाला सांगायला नको. म्हणजे "फुकट" दुरुस्ती १,६०० रुपयांना पडली. केंद्राने "पार्ट आला नाही, पुढल्या आठवड्यात या" असे सांगितले तर तिसरा खाडा. महिन्याच्या पगारावर असलेल्याची रजा जाते, रोजावर असलेल्याची चूल थांबते.

म्हणून घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, हमी घरी येण्याची की नेण्याची? दोन, सर्वांत जवळचे केंद्र कोठे आणि ते रविवारी उघडे असते का? तीन, तक्रार नोंदवल्यापासून किती दिवसांत माणूस येतो, हे कागदावर कोठे लिहिले आहे? "उद्याच येतो हो" हे तोंडचे बोलणे झाले. केंद्र खरेच तेथे आहे की नाही, हे खरेदीआधी एकदा फोन करून किंवा जाऊन पाहावे. पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधताना कंपनीचे नाव लावलेली खासगी दुकाने पुढे येतात आणि गिऱ्हाईक तेथेच फसते.

माणूस घरी येणार असेल तर पत्ता नीट द्यावा. वस्तीतल्या खोलीचा पत्ता बाहेरच्याला सापडत नाही, तो नाक्यावरून परत जातो आणि "ग्राहक उपलब्ध नाही" असे लिहून मोकळा होतो. विहार, शाळा, बसथांबा अशी ठळक खूण सांगावी आणि मुलाला नाक्यावर उभे करावे.

कंपनीचा की जोडणीचा?

टेबलावरचा कॉम्प्युटर सुटे भाग जोडूनही मिळतो. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हा धंदा वर्षानुवर्षे चालत आला आहे. उपनगरांतले बरेच जोडणीवाले तेथूनच माल आणतात. जोडलेला कॉम्प्युटर वाईट असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्याची हमी मात्र वेगळ्या तऱ्हेची असते.

त्यात प्रत्येक भागाची हमी वेगळी. खोक्यातून मिळणाऱ्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरला तीन वर्षांची हमी असते. मदरबोर्ड, डिस्क, वीजपुरवठ्याचा डबा यांनाही बऱ्याचदा तीन किंवा त्याहून अधिक वर्षे मिळतात. म्हणजे कागदावर ही हमी कंपनीच्या एका वर्षापेक्षा लांब दिसते. पण प्रत्येक भागाची कंपनी वेगळी, केंद्र वेगळे. काय बिघडले हे आधी कोणीतरी ओळखायचे, मग तो भाग काढून त्या त्या केंद्रात न्यायचा. हे काम जोडणीवाला करणार की आपण, हे बिलावर लिहून घ्यावे. "तीन वर्षे माझी जबाबदारी" असे तो म्हणत असेल तर तेच वाक्य बिलावर, खाली सही आणि शिक्का.

खोक्याशिवाय सुटा मिळणारा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो. पण त्याची हमी विकणाऱ्याची असते, कंपनीची नसते. दुकान उठले की हमी उठली. सगळी खोकी, अनुक्रमांकाचे कागद आणि बिल एका पिशवीत जपून ठेवावे.

जुना, डागडुजी केलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. जे यंत्र विंडोज ११ घेऊ शकत नाही, ते स्वस्त मिळाले तरी त्याचे पुढचे आयुष्य बेताचे. शिष्यवृत्ती आणि बँकेची कामे ज्यावर करायची, त्या यंत्राची दारे उघडी नसावीत.

वाढीव हमीचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. बिल होत असताना काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "साहेब, अजून दोन वर्षांची वाढीव वॉरंटी टाकू का?" हप्त्यावर घेणाऱ्याला तर तो विचारतही नाही, हप्त्यात मिळवून टाकतो. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी यंत्राची किंमत, प्रक्रिया शुल्क आणि वाढीव हमी हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. नको असलेली रक्कम तेथेच काढायला लावावी. यंत्र बिघडून केंद्रात पडले तरी हप्ता चालूच राहतो, हेही मनात असू द्यावे.

वाढीव हमी तिघांकडून मिळते. पहिली खुद्द कंपनीची. दुसरी दुकानाची, जिच्यामागे बहुधा तिसरीच एखादी कंपनी असते. तिसरी अपघाती नुकसानीची, म्हणजे पडणे, सांडणे, फुटणे यांसाठी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार दुसऱ्या प्रकारात अधिक दिसतो. म्हणून विचारावे, पैसे कोण देणार? अस्सल भाग मिळणार का? दर वर्षी किंमत घटवून भरपाई देणार की पूर्ण? किती वेळा दुरुस्ती? या चार प्रश्नांना लेखी उत्तर नसेल तर ती हमी घेऊ नये.

दुकानातच निर्णय घेण्याची घाईही करू नये. बऱ्याच कंपन्या मूळ हमी संपण्याआधी कधीही वाढीव हमी विकतात. घरी येऊन, संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून, हमीची तारीख बिलाशी जुळते का हे पाहावे. मग शांतपणे ठरवावे.

आता आकडे मांडू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा ४०,००० चा लॅपटॉप आहे आणि दोन वर्षांच्या वाढीव हमीला ५,००० अधिक १८ टक्के कर, म्हणजे ५,९०० रुपये लागतात. मोठी दुरुस्ती म्हणजे मदरबोर्ड किंवा पडदा, समजा १५,००० रुपये. तर ५,९०० भागिले १५,००० म्हणजे सुमारे ३९ टक्के. याचा अर्थ असा की, दर पाच लॅपटॉपपैकी दोन त्या दोन वर्षांत मोठ्या दुरुस्तीला येणार असतील, तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. त्याहून कमी बिघडले तर फायदा विकणाऱ्याचा. विकणाऱ्यालाही हा हिशेब येतो, म्हणून तर तो आग्रह करतो.

मग वाढीव हमी घेऊच नये का? तसेही नाही. सरासरीचा हिशेब दुकानाला लागू पडतो, एका घराला लागू पडत नाही. ज्या घराला एकदम १५,००० उभे करता येणार नाहीत, त्या घराने ५,९०० देऊन झोप विकत घेणे शहाणपणाचे ठरू शकते. विशेषतः हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम आणि इतर भाग मदरबोर्डालाच डाख दिलेले असतात. एक भाग गेला की सगळी पाटी बदलावी लागते. तेथे कंपनीची वाढीव हमी घ्यायला हरकत नाही. जोडलेल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला मात्र ती नको. त्याचा एकेक भाग बाजारात मिळतो आणि बदलता येतो.

पण तिसरा एक मार्ग आहे, आणि आम्हांला तो सर्वांत जवळचा वाटतो. विकणारी कंपनी काय करते? अनेकांचे पैसे गोळा करते आणि ज्याचे बिघडले त्याला देते. हे आपल्या बायाबापड्या भिशीत आणि बचत गटात कधीपासून करत आल्या आहेत. समजा एका चाळीतल्या पाच घरांनी साधारण एकाच सुमारास कॉम्प्युटर घेतले. प्रत्येकाने महिना २५० रुपये दुरुस्ती-निधीत टाकायचे. पहिले वर्ष कंपनीची हमी चालूच असते, त्यामुळे निधीला हात लागत नाही. वर्षाअखेर पाच घरांचे १५,००० जमतात. कंपनीची हमी संपते त्याच दिवशी एका मोठ्या दुरुस्तीची तयारी झालेली असते. दोन वर्षांत प्रत्येकाचे ६,००० होतात, एकूण ३०,०००. दोन मोठ्या दुरुस्त्या निघाल्या तरी निधी पुरतो. एकही निघाली नाही, तर पैसे ज्याचे त्याला परत, व्याजासकट. वाढीव हमीचे ५,९०० मात्र बिघडले नाही म्हणून कोणी परत देत नाही.

येथे कारकुनी स्वभावाप्रमाणे एक ताकीद देतो. निधी तोंडी ठेवू नये. बँकेत खाते, दोघांच्या सह्या, वहीत प्रत्येक महिन्याची नोंद आणि नियम एका कागदावर. पडले, सांडले तर निधी किती देणार? दुरुस्ती कोठे करायची? मध्येच घर सोडून गेला तर? हे आधी ठरवावे. अशी वही महिला मंडळाच्या ताईंकडे असलेली बरी. त्यांच्या वह्या पुरुषांच्या वह्यांपेक्षा स्वच्छ असतात, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे.

बिघडल्यावर काय करावे?

हमी हातात असूनही पुष्कळ लोक सेवा केंद्राच्या काउंटरवर हरतात. दोन वर्षांमागे आमच्या भागातल्या एका मुलीसोबत आम्ही अशाच एका केंद्रात गेलो होतो. लॅपटॉप सुरू होत नव्हता, हमीचे चार महिने बाकी होते. यंत्र उघडण्याआधीच जॉबशीटवर "पाणी गेल्याची शक्यता" असे लिहून सहीसाठी पुढे केले. आम्ही सही केली नाही. म्हटले, आधी आमच्यासमोर उघडा, डाग दाखवा, फोटो काढा, मग लिहा. उघडल्यावर डाग नव्हता. ते वाक्य खोडले गेले आणि नऊ दिवसांनी मदरबोर्ड विनामूल्य बदलून मिळाला. त्या मुलीने एकटीने सही केली असती, तर पुढे कोणताही आयोग तिच्या सहीकडे बोट दाखवून विचारता झाला असता.

म्हणून जॉबशीट वाचल्याशिवाय सही नको. देताना यंत्राचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. बरोबर चार्जर दिला की नाही, हे लिहून घ्यावे. पासवर्ड जतन केलेली खाती बंद करून, खासगी कागद काढून मगच यंत्र द्यावे. दर वेळी तक्रार क्रमांक घ्यावा. फोनवर बोललात तर त्याच दिवशी ई-मेलने किंवा संदेशाने तेच लिहून पाठवावे. तोंडी शब्दाला साक्षीदार नसतो.

मुदतीत काम झाले नाही तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. क्रमांक १९१५, तेथे मराठीतही बोलता येते. पुष्कळ तक्रारी तेथूनच कंपनीकडे जाऊन मिटतात. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रीमंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. दुरुस्तीची माहिती आणि भाग कोठे मिळतील यासाठी केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ या राष्ट्रीय ग्राहक दिनी "राइट टू रिपेअर" हे संकेतस्थळ सुरू केले आहे. सल्ला हवा असेल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत विलेपार्ल्यातच आहे.

एवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचे आपण सारे मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो. आपला आयोग वांद्रे पूर्वेला आहे. कंपनीचे मुख्यालय बंगळुरूला असो की दिल्लीला, आपण जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याची मोठी सोय आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीही नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. "ई-जागृती" या संकेतस्थळावरून घरबसल्याही तो भरता येतो. तारखा लागतात, वेळ जातो, हे खरे. पण नीट लिहिलेली नोटीस गेली की निम्मी प्रकरणे तारखेआधीच हलू लागतात, असे आम्ही पाहिले आहे.

एक शंका आमच्याकडे नेहमी येते. मुलगा त्याच कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज भरून, टायपिंग करून चार पैसे मिळवतो, मग तो ग्राहक राहतो का? कंपनीचा वकील म्हणतो, हा धंदा आहे, ग्राहक नव्हे. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रातल्या लघुउद्योगाच्या खटल्यात दिले आहे. त्या उद्योगाने एक महागडे संगणकचलित यंत्र घेतले होते. ती खरेदी व्यापारी ठरली आणि तो खटला हरला. पण निकालात न्यायालयाने तत्त्व स्पष्ट केले. स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच राहतो. त्यासाठी न्यायालयाने टंकलेखन यंत्र घेऊन लोकांची कामे करणाऱ्याचे उदाहरण दिले. आजच्या कायद्यातही ही तरतूद आहे. टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आला, एवढाच फरक.

थोडक्यात

एकच मूल शिकते आहे आणि घरात दुसरा आधार नाही, अशा घराने कंपनीची घरी येऊन दुरुस्त करणारी हमी असलेले यंत्र घ्यावे. हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील, ते खाड्यात वाचतील. लॅपटॉप असेल आणि एकदम मोठी रक्कम उभी राहणार नसेल, तर कंपनीचीच वाढीव हमी, दुकानाची नव्हे. लहान मूल घरात रांगत असेल किंवा मुलगी रोज लोकलने लॅपटॉप नेत असेल, तर अपघाती नुकसानीची हमी विचारात घ्यावी. ओळखीचा, टिकून असलेला जोडणीवाला असेल तर जोडलेला कॉम्प्युटर, भागांची खोकी आणि दुरुस्ती-निधी. आणि कोणतेही यंत्र असो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ देऊ नये. चार वर्षांच्या यंत्राला निम्म्या किमतीची दुरुस्ती सांगितली तर हात आखडावा.

ज्या वस्तूसाठी आपण वर्षभर हप्ता फेडतो, तिच्या कागदाला अर्धा तास द्यावा. कागद इंग्रजीत असेल तर शिकणाऱ्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगावा आणि एकेका ओळीचा अर्थ विचारावा. कॉम्प्युटर शिकण्याआधीचा तो तिचा पहिला धडा होईल, आणि कदाचित सर्वांत उपयोगाचा.

पुढील अंकात : हप्त्याच्या कर्जावरचे "शून्य टक्के व्याज" खरेच शून्य असते का?